कार्बनची माहिती मागणारी एक्सेल शीट तुमच्याकडंही आली का? (कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसीवाल्यांसाठी)

कुपवाड_मशीनशॉप

नमस्कार मंडळी.

कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. मिरजेच्या फाउंड्रीतून बिडाचं कास्टिंग येतं. त्यावर आम्ही टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करतो. माल चाकणच्या एका मोठ्या पुरवठादाराकडं जातो आणि तिथून गाडीच्या असेंब्ली लाइनवर. ज्या कंपनीचं नाव गाडीवर असतं, तिच्याशी आमचा थेट व्यवहार नाही.

मागच्या महिन्यात ग्राहकाकडून मेल आला, सोबत एक्सेल शीट. वर्षाला वीज किती युनिट, जनरेटरचं डिझेल किती लिटर, कटिंग ऑइल किती, बुरादा किती निघतो, कास्टिंग किती किलोमीटरवरून येतं आणि शेवटच्या रकान्यात 'प्रति नग किलो सीओटू'. मुदत पंधरा दिवस. माहिती दिली नाही तर व्हेंडर रेटिंगवर परिणाम होईल, असं खाली स्पष्ट लिहिलेलं. त्याच आठवड्यात त्यांच्या खरेदी विभागाचा दुसरा मेल आला: यंदाची कॉस्ट डाऊन, म्हणजे दरातली कपात, धरून नवीन कोटेशन पाठवा.

मी दोन्ही मेल प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवले. एकात विजेची बचत करणाऱ्या मशिनरीची अपेक्षा, दुसऱ्यात ती मशिनरी घेण्यापुरतासुद्धा पैसा हातात राहणार नाही असा दर.

नियम नकोत असं माझं अजिबात म्हणणं नाही. धूर कमी झालाच पाहिजे. पण उत्सर्जनाचा नियम गाडी बनवणाऱ्यावर आहे, त्याचा खर्च मात्र झिरपत झिरपत सगळ्यात कमी नफ्यावर काम करणाऱ्यापर्यंत येतोय आणि दराच्या बोलणीत त्याचा विषयच निघत नाही. हे बोललं पाहिजे, आणि एकेकट्यानं बोलून उपयोग नाही. तुमच्याकडं काय चाललंय ते लिहा. नियम नेमके काय आहेत हे कुणाला नीट माहीत असेल तर तेही सांगा.

कराडचा_चाकणात

दादा, मी मूळचा कराडचा, सध्या चाकण पट्ट्यात इंजिन कॅलिब्रेशनचं काम करतो. आपल्याकडे दोन नियम एकमेकांत मिसळून बोलले जातात, ते आधी वेगळे करू.

पहिला भारत स्टेज. हा धुरातल्या विषारी घटकांचा. बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. मग बीएस-५ गाळून थेट १ एप्रिल २०२० ला बीएस-६. डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, कणांची २५ वरून ४.५ वर. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएम झालं. एवढं गाठायचं तर सायलेन्सरच्या वाटेत कणांचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आणि नायट्रोजन ऑक्साइडसाठी वेगळी यंत्रणा लागते. मोठ्या गाडीत हा खर्च मुरतो, छोट्या गाडीत मुरत नाही. म्हणून मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्याच बंद केल्या. फियाटचं १.३ लिटरचं जे डिझेल इंजिन कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत चालायचं, तेही त्याच सुमारास संपलं. एखाद्या कारखान्याचा निम्मा माल त्या एका इंजिनावर असेल तर त्याचं काय झालं असेल ते इथल्या लोकांना सांगायला नको.

दुसरा नियम कॅफे. हा सीओटूचा, म्हणजे खरंतर मायलेजचा. इथे एकेक गाडी मोजत नाहीत, कंपनीनं वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढतात. २०१७-१८ पासून किलोमीटरला १३० ग्रॅम, २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम. यातली मेख वजनात आहे. कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जास्त, तर तिला लक्ष्य सैल मिळतं. शिवाय एक इलेक्ट्रिक गाडी विकली की हिशेबात तीन धरतात. त्यामुळे थोड्या ईव्ही विकून बऱ्याच अवजड एसयूव्हींचा आकडा झाकता येतो. आज देशात विकल्या जाणाऱ्या कारपैकी निम्म्याहून जास्त एसयूव्ही आहेत, हे त्या पार्श्वभूमीवर बघा. तिसऱ्या टप्प्याचा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये आला, एप्रिल २०२७ पासून लागू करण्यासाठी. त्यात ९०९ किलोच्या आतल्या छोट्या गाड्यांना सवलत ठेवली होती. त्यावरून कंपन्यांमध्येच उघड भांडण लागलं. मारुतीला ती सवलत हवी होती, टाटा आणि महिंद्राचा विरोध होता.

तुमच्या शीटचा उगम मात्र या दोन्हींत नाही. सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. परदेशी ग्राहक त्यांच्याकडून पुरवठा साखळीतलं उत्सर्जन मागतात. युरोपनं लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम अशा मालावर सीमेवरच कार्बनचं शुल्क ठरवलं. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, जानेवारी २०२६ पासून पैशाचा टप्पा सुरू झाला. ही साखळी उतरत उतरत कुपवाडपर्यंत आली.

गॅरेज_पोवईनाका

साताऱ्यात गॅरेज आहे माझं. कराडकरांनी कागदावरचं सांगितलं, मी गाडीखालचं सांगतो.

बीएस-६ डिझेल घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांची एकच तक्रार जास्त असते: डीपीएफचा दिवा लागलाय. गाडी घर ते दुकान, दुकान ते शाळा एवढीच फिरते. फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जाळायला आत सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं, ते गावात फिरून येत नाही. मी सांगतो, कराडपर्यंत हायवेनं एका वेगात जाऊन या, मधे बंद करू नका. बऱ्याचदा तेवढ्यानं दिवा जातो. पण शोरूममध्ये गाडी देताना हे कुणी सांगत नाही. 'तुमचं रनिंग किती आहे, डिझेल कशाला घेताय' असं विचारणारा सेल्समन मला अजून भेटला नाही, कारण त्याला महिन्याचं टार्गेट आहे. मग लोक वैतागतात आणि कुणीतरी डीपीएफ आतून फोडून रिकामा करून देतो. मी ते काम घेत नाही. त्यानं सगळी काजळी थेट बाहेर येते आणि मागच्या दुचाकीवरच्या पोराच्या नाकात जाते.

पीयूसीचंही सांगतो. पेट्रोल गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलला अॅक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा मोजतात. ज्या नायट्रोजन ऑक्साइडसाठी कंपन्यांनी एवढा खर्च केला, तो पीयूसीत मोजलाच जात नाही. म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत नियम कडक, आणि नंतरची पंधरा वर्षं एक पावती.

कराडचा_चाकणात

गॅरेजवाल्या दादांचा मुद्दा आमच्या क्षेत्राच्या मर्मावर आहे. पूर्वी मंजुरीची चाचणी फक्त प्रयोगशाळेत रोलरवर व्हायची. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. चाचणी चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं उत्सर्जन कमी दाखवायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भारतातही त्यांनी ३ लाख २३ हजारांवर गाड्या परत बोलावल्या. त्यानंतर खऱ्या रस्त्यावर, गाडीच्या मागे मोजयंत्र बांधून चाचणी घ्यायचा आग्रह जगभर वाढला. आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून ते बंधनकारक झालं. चढ, उतार, गर्दी, हायवे सगळं त्यात येतं. माझ्या कामाची पद्धत त्यानं पूर्ण बदलली, आणि चांगल्यासाठी बदलली. आता पुढची पायरी पीयूसी सुधारायची आहे, यात मला शंका नाही.

बिडकाम_मिरज

उशिरा वाचतोय. मी मिरजेत फाउंड्री बघतो, एसजी आयर्न आणि ग्रे आयर्न या बिडाच्या दोन्ही जाती. शीट आमच्याकडं गेल्या वर्षीच आली.

इथल्या बऱ्याच जणांना वाटतं, कार्बन म्हणजे सोलर बसवला की झालं. सोलर चांगलाच. पण आमचा खरा हिशेब भट्टीत आणि बॉक्समध्ये, म्हणजे साच्यात, आहे. इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला ५५० ते ६५० युनिट लागतात. ६०० धरा. आता वितळवलेलं सगळं बीड गिऱ्हाइकाला जात नाही. रनर, रायझर, म्हणजे साच्यातल्या वाटेत आणि जादा साठ्यात थिजलेलं बीड, तोडून ते परत भट्टीत पडतं. एसजीला रायझर मोठे लागतात, कारण थंड होताना धातू आकसतो आणि आत पोकळी राहते. बॉक्समध्ये ओतलेल्या १०० किलोतून ६० किलो चांगला माल निघाला, तर एक टन मालाला वितळवायचेच १००० युनिट झाले. आपल्या ग्रिडची वीज युनिटला साधारण ०.७ किलो सीओटू धरली तर ७०० किलो. तेच यील्ड, म्हणजे चांगल्या मालाचं प्रमाण, ६० वरून ७० वर नेलं तर ८६० युनिटांच्या आत काम होतं, म्हणजे सीओटू ६०० किलो. शेडवर एकही पॅनेल न बसवता टनाला १०० किलो कमी, आणि वीजबिलही कमी.

हे करता येतं. रायझरला एक्झोथर्मिक स्लीव्ह, म्हणजे उष्णता देणारं वेष्टण, लावा, रायझर लहान होतो. सिम्युलेशन करून गेटिंग, म्हणजे साच्यात धातू जाण्याची वाट, बदला. आमच्याकडं पोरं आहेत, सॉफ्टवेअर आहे. अडतं कुठं? पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, गिऱ्हाइकाच्या मालकीचा. गेटिंगमध्ये बदल केला की पुन्हा सँपल, पुन्हा पीपीएपी, म्हणजे पार्ट मंजुरीचे कागद, पुन्हा मंजुरी. पुण्याच्या एका ग्राहकाकडं आमचा असा प्रस्ताव पडून आहे. त्यांचा क्वालिटीवाला म्हणतो, चालू पार्टला हात लावायचा नाही. त्यांचा सस्टेनेबिलिटीवाला म्हणतो, कार्बन कमी करा. दोघं एकाच मजल्यावर बसतात, पण आपापसात बोलत नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कार्बन कमी करायचा असेल तर गेटिंग बदलाची मंजुरी ठरावीक दिवसांत द्या. पैसे नंतर बोलू.

एमआयडीसीतला_जुना_माणूस

साताऱ्याच्या एमआयडीसीत माझी नोकरी झाली. पोरांना कदाचित माहीत नसेल, महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल टाकून चालवायची. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघण्याचा तो काळ. सातारा, कोरेगाव, वाईची किती घरं त्या गेटवर उभी राहिली.

नंतर एकीकडून फोर-स्ट्रोक मोटरसायकली आल्या, दुसरीकडून उत्सर्जनाचे नियम आले. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल धुरातून बाहेर जातंच, तिला नव्या नियमात बसवणं अवघड होतं. गिअरची स्कूटर गेली. पण त्या कारखान्यातला एक भाग टिकला: डाय, जिग, फिक्श्चर बनवण्याचा. कारण गाडी कुठलीही असो, तिचा भाग ओतायला डाय लागतो आणि पकडायला फिक्श्चर लागतं. आपल्या हातात काय राहतं, ते मी त्यावरून बघतो. एकाच मालावर ज्यांनी घर बांधलं त्यांना जड गेलं. ज्यांच्या हातात टूलरूमचं काम होतं, त्यांना पुण्यात, चाकणला, कुठंही बोलावणं आलं.

तुमच्या मशीनशॉपमध्ये फिक्श्चर स्वतः डिझाइन करता का? करत असाल तर ते वाढवा, असं मी मनापासून सांगतो.

कुपवाड_मशीनशॉप

काका, फिक्श्चर आम्ही स्वतःच करतो. धाकटा भाऊ बघतो. हे तुमच्या सांगण्यावरून घरात नक्की बोलतो.

मिरजकर, तुमचा हिशेब मी दोनदा वाचला. म्हणजे आमच्या नगाच्या कार्बनमध्ये आमच्या मशीनचा वाटा लहान आहे, मोठा वाटा कास्टिंगचा. मी माझी सीएनसी बदलली तरी आकडा हलणार नाही. एक विचारतो: ईव्ही वाढल्या तर तुमच्या पार्टपैकी काय राहील?

बिडकाम_मिरज

सरळ सांगतो. फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, क्लचचं काम, इंजिनचे ब्रॅकेट हे जाणार. ब्रेक ड्रम, डिस्क आणि चाकाकडचे हब, नकल राहणार. बॅटरीमुळं गाडी जड होते, त्यामुळं हब-नकल मजबूतच लागणार. डिस्कचा बदलीचा बाजार मात्र कमी होईल, कारण ईव्हीत बरंचसं ब्रेकिंग मोटरच करते, डिस्क कमी झिजते. मोटरचं हाउसिंग अॅल्युमिनियमचं, प्रेशर डाय कास्टिंगचं. ते आमच्या भट्टीचं काम नव्हे. त्याला वेगळी मशिनरी, वेगळं भांडवल.

पण आपला भाग फक्त कारवर नाही, हे विसरू नका. १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासून इथं शेतीच्या अवजाराचं आणि पुढं पंपाचं बिडकाम आहे. ट्रॅक्टर आहे. माझ्याकडं कारचा माल मोठा असला तरी सगळी अंडी एका टोपलीत नाहीत, म्हणून रात्री झोप लागते.

कृष्णाकाठचा_ऊसवाला

बोलणं चाललंय म्हणून आमचीही बाजू. गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, त्यातलं काही आमच्या उसातून येतं. सरकारनं २०३० चं उद्दिष्ट २०२५ वर आणलं, कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका आदेशानं रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन आलं. पुढच्या हंगामात ते उठलं. पण कर्जाचा हप्ता मधल्या काळात थांबला नव्हता. कॉस्ट डाऊनचा मेल तुम्हाला येतो, आम्हाला असा आदेश येतो.

मायलेज कमी झालं म्हणून आम्हाला बोल लावणाऱ्यांना सांगतो: इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकीचं मायलेज ६-७ टक्के घटेल असं लिहिलंय, ई-२० साठी जुळवलेल्या गाडीचं १-२ टक्के. म्हणजे माहीत होतं. लोकांना सांगितलं नाही, एवढंच.

ताळेबंद_विश्रामबाग

मी सांगलीत लेखापरीक्षणाचं काम करते, निम्मे अशील कुपवाड आणि मिरजेचे उद्योजक आहेत. तांत्रिक बाजू तुम्ही सगळ्यांनी छान मांडली. मी पैशाबद्दल लिहिते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत तर ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही, ही तरतूद २०२३-२४ च्या हिशेबापासून आली. लेखी करार नसेल तर मुदत फक्त १५ दिवस. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे. प्रत्यक्षात माझ्या एका अशिलाला ग्राहकानं सुचवलं, उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद, रद्द करा म्हणजे व्यवहार सोपा होईल. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, अजिबात करू नका. ती नोंदणी हे तुमच्या हातातलं एकमेव कायदेशीर हत्यार आहे. शिवाय २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलांवर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर येणं आता सक्तीचं आहे. ग्राहकानं बिल मान्य केलं की तिथं बँक लगेच पैसे देते. तुमचा ग्राहक त्यावर आहे का, एवढं तरी विचारा.

आता कुपवाडच्या दादांच्या मूळ मुद्द्याकडे येते. तुमच्या दर करारात कच्च्या मालाचं कलम असतं. पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भाव वरखाली झाला की तिमाहीला दर बदलतो. विजेचं तसं कलम मी जवळपास कुठल्याच करारात पाहिलं नाही. फाउंड्रीच्या खर्चात कच्च्या मालानंतर वीज येते, तरी ती दरात गोठलेली! कार्बनची माहिती मागणारा ग्राहक प्रति नग युनिट स्वतःच लिहून मागतोय. मग तोच आकडा घेऊन ऊर्जेचं कलम मागा. ही शीट तुमच्यावरचं ओझं आहे तशी ती तुमच्या खर्चाचा ग्राहकानंच मान्य केलेला पुरावाही आहे. भरून पाठवा, पण प्रत ठेवा आणि दराच्या बैठकीत टेबलावर ठेवा.

कर्जाबद्दल एक. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची अदिती योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. त्यात १४ क्षेत्रं आहेत आणि फाउंड्री त्यातलं एक. ऊर्जा वाचवणाऱ्या मशिनरीच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ५ टक्के, मध्यम उद्योगाला ३ टक्के व्याज सवलत. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

गॅरेज_पोवईनाका

ताईंनी हत्यार ठेवायला सांगितलं ते पटलं. पण छोटा माणूस ते उपसणार कधी? तक्रार केली की पुढच्या महिन्याचं शेड्यूल शून्य. माझ्या मेहुण्याच्या मशीनशॉपमध्ये हेच झालं. ग्राहकानं फॉरकास्ट, म्हणजे मागणीचा अंदाज, मोठं दिलं, मेहुण्यानं मशीन घेतलं, मॉडेल चाललं नाही, माल उचलला नाही. फॉरकास्ट म्हणजे ऑर्डर नव्हे, असं करारात बारीक अक्षरात होतं.

कराडचा_चाकणात

हे पुढे वाढणार आहे. पूर्वी एक इंजिन दहा वर्षं चालायचं. आता एकाच गाडीला पेट्रोल, सीएनजी, हायब्रिड, इलेक्ट्रिक असे पर्याय, त्यामुळे प्रत्येक पार्ट नंबरची संख्या कमी आणि आयुष्यही कमी. कंपन्या एकमेकांच्या गाड्या आपलं चिन्ह लावून विकतात, बलेनो आणि ग्लान्झा हे सगळ्यांना दिसणारं उदाहरण. आणि कधी कधी कंपनीच निघून जाते. जनरल मोटर्सनं २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. तळेगावचा कारखाना ह्युंदाईनं घेतला, साणंदचा टाटानं. कारखान्यांना नवे मालक मिळाले. जुन्या मालकाच्या डाय सांभाळत बसलेल्या पुरवठादाराला नाही.

म्हणून टूलिंगचा, म्हणजे डाय-फिक्श्चरचा, खर्च नगात मुरवायला कबूल होऊ नका. टूलिंगचे पैसे आधी, वेगळ्या पीओवर, म्हणजे खरेदी आदेशावर. हे एकट्यानं मागितलं तर नकार येतो, दहा जणांनी मागितलं तर ऐकावं लागतं. आज चाकणला नवीन फाउंड्री उभी करणं कुणालाच परवडत नाही, हे आतल्या माणसानं सांगितलेलं लक्षात ठेवा.

कुपवाड_मशीनशॉप

सगळ्यांचे आभार. तीन मागण्या मला यातून हाती लागल्या: गेटिंग बदलाला ठरावीक दिवसांत मंजुरी, करारात विजेचं कलम आणि टूलिंगचा वेगळा पीओ. मी आमच्या पट्ट्यातल्या ओळखीच्या मशीनशॉप आणि फाउंड्रीवाल्यांशी बोलतोय. सगळ्यांचा कार्बनचा हिशेब एकाच पद्धतीनं काढायचा, म्हणजे ग्राहकाला एकमेकांशी खेळवता येणार नाही. साताऱ्यातून कुणी येणार असेल तर इथंच कळवा. ताई, पहिल्या बैठकीला तुम्ही आलात तर बरं होईल. काय कागद आणायचे?

ताळेबंद_विश्रामबाग

येते. रविवार ठेवा. प्रत्येकानं मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं आणावीत, त्यातलं युनिट, मागणी आणि पॉवर फॅक्टर दिसलं पाहिजे. जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या आणा. डिस्पॅच नगात नको, किलोत हवा. जॉबवर्कवाल्यांनी चलनावरचं वजन काढून आणावं. फाउंड्रीवाल्यांनी भट्टीचा वेगळा मीटर असेल तर त्याचं रोजचं रजिस्टर आणि रिजेक्शनचं रजिस्टर. वेगळा मीटर नसेल तर बैठकीआधी बसवून घ्या, खर्च फार नाही.

बिडकाम_मिरज

भट्टीचा मीटर आहे. रजिस्टर हीटप्रमाणं, म्हणजे दर वितळवणीचं, आहे, ते तसंच आणतो. साताऱ्याच्या मंडळींना सोयीचं व्हावं म्हणून बैठक कराडला ठेवली तर?